डिजिटल कॅमेऱ्यातील उद्भासन

उद्भासन म्हणजे छायाचित्र टिपताना फिल्मवर किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाची एकूण मात्रा. व्यवहारात त्याला एक्स्पोजर असे म्हणतात. ही मात्रा प्रकाशाची तीव्रता आणि तो पडण्याचा काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. भिंगाचे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ या तीन मांडण्यांनी छायाचित्राचा उजळपणा ठरतो. फिल्म आणि डिजिटल या दोन्ही पद्धतींत या मांडण्यांचे गणित एकच आहे. मात्र प्रकाश कमी किंवा जास्त झाल्यास होणारे परिणाम दोन्हींत परस्परविरुद्ध आहेत. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाशाची चूक बऱ्याच अंशी सहन करते. डिजिटल संवेदकावर जास्त प्रकाशाने पुसला गेलेला तपशील कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. अनेक वर्षे फिल्म वापरून डिजिटल कॅमेऱ्याकडे वळणाऱ्याला मुख्यतः हा बदल आत्मसात करावा लागतो.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांत या बदलाची कसोटी पाहणारे विषय एकाच परिसरात आढळतात. पेणच्या गणपती कारखान्यांतील न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती, खाडीकाठची मिठागरे, पावसाळी आभाळाखालची भातखाचरे आणि रोह्यातील पालखी सोहळा हे त्यांपैकी काही होत. या लेखातील उदाहरणे त्यांवर आधारलेली आहेत.

उद्भासनाचे घटक

छिद्र : भिंगातून प्रकाश आत येण्याचा मार्ग लहानमोठा करता येतो. त्याचे माप एफ-अंकाने दाखवतात. एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात प्रत्येक पुढच्या अंकाला प्रकाश निम्मा होतो. अंक मोठा तितके छिद्र लहान, हे नवशिक्याला प्रथम उलटे वाटते. एफ-अंक हा भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास असा भागाकार असल्यामुळे असे घडते. छिद्र लहान केल्यास विषयाच्या पुढचा व मागचा अधिक भाग स्पष्ट दिसतो.

शटरचा वेग : शटर किती काळ उघडे राहते ते यावरून कळते. १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद असा क्रम असून प्रत्येक पायरीला काळ साधारण निम्मा होतो. वेग जास्त असल्यास हलता विषय गोठल्यासारखा दिसतो. वेग कमी असल्यास हालचाल पुसट उमटते.

आयएसओ : फिल्मच्या बाबतीत हा अंक तिच्या रासायनिक थराची प्रकाशसंवेदनक्षमता सांगतो. पूर्वीच्या अमेरिकी एएसए आणि जर्मन डीआयएन या मापनपद्धती १९७४ मध्ये आयएसओ मानकात एकत्र आल्या. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ वाढवल्याने संवेदकावर पडणारा प्रकाश वाढत नाही. संवेदकाकडून मिळालेला संकेत वाढवून घेतला जातो.

प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या पायरीला स्टॉप म्हणतात. एफ/८ व १/१२५, एफ/५.६ व १/२५० आणि एफ/११ व १/६० या तिन्ही जोड्यांतून सारखाच प्रकाश आत येतो. फिल्मवर शिकलेले हे कोष्टक डिजिटल कॅमेऱ्यातही जसेच्या तसे लागू पडते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात छायाचित्रणाची संघटित सुरुवात लवकर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सदस्य होते. विसाव्या शतकात सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचलेले कॅमेरे साधे होते. आग्फा क्लिक-३ या कॅमेऱ्यात १२० आकाराच्या रोलवर १२ चौरस छायाचित्रे निघत. त्यात उद्भासनाची निवड अगदी मोजकी होती. हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची इंदू ही कृष्णधवल फिल्म त्या काळी प्रचलित होती. पुढे यशिका एमएफ-२ आणि कोडॅक केबी-१० यांसारखे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे घरोघरी आले. त्यांतही वापरणाऱ्याला ठरवण्यासारखे फार थोडे असे.

ही साधने चालली याचे एक कारण निगेटिव्ह फिल्मच्या सहनशीलतेत होते. दुसरे कारण स्टुडिओत आणि लॅबमध्ये होते. प्रत काढताना लॅबचे यंत्र किंवा कारागीर फिकट निगेटिव्ह आणि दाट निगेटिव्ह यांना वेगवेगळा प्रकाश देऊन दोन्हींतून बऱ्यापैकी सारखी प्रत काढत असे. त्यामुळे एक-दोन स्टॉपची चूक छायाचित्र काढणाऱ्याच्या लक्षातही येत नसे. डिजिटल कॅमेऱ्याकडे वळल्यावर ही मधली दुरुस्ती नाहीशी झाली आणि पूर्वीपासून होत असलेल्या चुका प्रथमच डोळ्यांना दिसू लागल्या.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये तयार केला. त्याचे चित्र कृष्णधवल आणि केवळ ०.०१ मेगापिक्सेलचे होते. ते कॅसेटवर साठवण्यास २३ सेकंद लागत. त्यासाठी वापरलेल्या सीसीडी या संवेदकाचा शोध विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये लावला होता. त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फिल्म आणि संवेदक यांच्या प्रतिसादातील फरक

फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये प्रकाशाची मात्रा आणि प्लेटवर उमटणारा काळेपणा यांतील संबंध आलेखाने मांडला. हा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा असतो. खालच्या टोकाला, म्हणजे फार कमी प्रकाशात, फिल्मवर जवळजवळ काहीच उमटत नाही. मधला भाग सरळ चढतो. वरच्या टोकाला चढ हळूहळू मंदावतो. म्हणून प्रकाश फार जास्त झाला तरी निगेटिव्हवरील तेजस्वी भागांत थोडाफार भेद शिल्लक राहतो. रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश सहसा निभावून नेते. एक स्टॉप कमी पडला तरी मात्र सावल्या कोऱ्या आणि मळकट होऊ लागतात. ‘शंका असेल तर थोडा जास्त प्रकाश द्यावा’ ही फिल्मवाल्यांची सवय यातूनच आली.

संवेदकाचे वर्तन निराळे असते. त्यावर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राहक असतात. प्रत्येक ग्राहक पावसात ठेवलेल्या भांड्यासारखा आहे, असे समजता येते. जितका प्रकाश पडतो त्या प्रमाणात त्यात विद्युतभार साठतो. भांडे काठोकाठ भरल्यावर पुढे पडणारे पाणी मोजता येत नाही. त्याचप्रमाणे भरलेल्या ग्राहकांची नोंद एकसारखी, म्हणजे शुद्ध पांढरी होते. थोड्या जास्त प्रकाशाच्या आणि पुष्कळ जास्त प्रकाशाच्या जागांतील भेद तेथे संपतो. फिल्मप्रमाणे हळूहळू मंदावणारा चढ नसल्यामुळे ही हानी अचानक होते.

याउलट कमी प्रकाशाच्या भागांत संवेदकाने काहीतरी नोंद केलेली असते. ती संगणकावर उजळवता येते, पण उजळवताना नॉईज, म्हणजे दाणेदार व रंगीत ठिपके, वाढतात. नुकसान होते, पण ते भरून काढण्याजोगे असते.

यावरून दोन्ही माध्यमांचे नियम थोडक्यात असे सांगता येतात : निगेटिव्ह फिल्मवर उद्भासन सावल्या सांभाळून ठरवावे, डिजिटल कॅमेऱ्यात तेजस्वी भाग सांभाळून ठरवावे. पारदर्शिका, म्हणजे स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना हा दुसरा नियम नवा नाही. स्लाइडवरही जास्त प्रकाशाने तपशील धुऊन निघतो आणि अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. म्हणून स्लाइड वापरणाऱ्यांना डिजिटलशी जुळवून घेणे सोपे जाते.

छायाचित्र कोणत्या स्वरूपात साठवले जाते यावरही दुरुस्तीची शक्यता अवलंबून असते. जेपेग या स्वरूपात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. रॉ स्वरूपात संवेदकाची मूळ नोंद राहते. ती १२ बिटची असल्यास ४,०९६ आणि १४ बिटची असल्यास १६,३८४ पातळ्या मिळतात. त्यामुळे सावल्या उजळवण्यास रॉमध्ये अधिक वाव असतो. काठोकाठ भरलेल्या ग्राहकाचा तपशील मात्र रॉमध्येही नसतो.

प्रकाशमापक आणि पांढरी मूर्ती

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक विषयावरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. समोरचा विषय पांढरा आहे की काळा, हे त्याला कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे तो गृहीत धरतो. सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा पृष्ठभाग छायाचित्रणात मध्यम राखाडी मानला जातो. पांढरे काही आले की मापक त्याला राखाडी करतो, काळे आले की त्यालाही राखाडी करतो.

पेण शहर आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे आदी गावे गणेशमूर्तींच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहेत. कारखान्यांत साच्यातून काढलेल्या शाडूच्या व प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती रंगकामापूर्वी रांगेने मांडलेल्या असतात. प्लास्टरच्या कच्च्या मूर्ती पांढऱ्याशुभ्र असतात. अशा मूर्तींनी संपूर्ण चौकट भरली असता मापक एफ/४, १/१२५ सेकंद, आयएसओ ८०० अशी मांडणी सुचवतो, असे समजू. ती पाळल्यास मूर्ती राखाडी, धुरकट दिसतील. त्या पांढऱ्या दिसण्यासाठी सुमारे सव्वा ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. शटर १/५० सेकंदावर आणल्यास जवळजवळ तेवढी वाढ मिळते.

याच कारखान्यात मागे अंधारी भिंत आणि मध्यभागी एकच लहान पांढरी मूर्ती असेल तर परिस्थिती नेमकी उलटी होते. चौकटीचा मोठा भाग काळा असल्याने मापक त्याला उजळवू पाहतो आणि मूर्ती जळाल्यासारखी कोरी पांढरी होते. येथे एक ते दोन स्टॉप कमी करावे लागतात. मूर्ती तीच, उजेड तोच. तरीही दुरुस्ती एकदा अधिक आणि एकदा उणे. म्हणून ‘पांढऱ्यासाठी प्रकाश वाढवावा’ असा सरसकट नियम पाठ करणे पुरेसे नसते. चौकटीत पांढऱ्याचे प्रमाण किती, हे पाहावे लागते. मूर्तीपुरताच प्रकाश मोजणारी बिंदुमापन पद्धत वापरल्यास हा गोंधळ टळतो. चौकटीचे अनेक भाग पाडून मोजणारे आधुनिक मापक ही चूक कमी करतात, पण पूर्णपणे टाळत नाहीत.

निगेटिव्ह फिल्मवर दुसऱ्या प्रसंगातील जास्तीचा प्रकाश बहुधा खपून गेला असता. डिजिटल कॅमेऱ्यात मूर्तीच्या कपाळावरील, सोंडेच्या वळणावरील आणि डोळ्यांच्या आखणीतील बारकावे कायमचे जातात. मूर्ती एकदा कारखान्यातून बाहेर पडली की पुन्हा तेथे परत येत नाही. शाडूची मूर्ती तर विसर्जनानंतर पाण्यात विरघळून जाते. कारागिराच्या हातकामाची नोंद म्हणून छायाचित्राला जे मूल्य असते ते या बारकाव्यांतच असते.

हिस्टोग्राम आणि पडद्यावरील चित्र

डिजिटल कॅमेऱ्याने दिलेली सर्वांत मोठी सोय म्हणजे छायाचित्र लगेच पाहता येणे. मात्र कॅमेऱ्यामागील पडद्यावरून उजळपणाचा अंदाज करणे फसवे असते. उन्हात पडदा अंधुक भासतो व छायाचित्रकार प्रकाश वाढवत जातो; अंधाऱ्या कारखान्यात तोच पडदा झगझगीत भासतो व प्रकाश कमी केला जातो.

यासाठी हिस्टोग्राम हा आलेख वापरतात. त्यात डाव्या टोकाला काळा (०) आणि उजव्या टोकाला पांढरा (२५५) असतो. कोणत्या उजळपणाचे किती बिंदू चित्रात आहेत हे उंचीवरून समजते. आलेखाचा ढीग उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तेजस्वी भागांचा तपशील गेला असे समजावे. सर्व दृश्यांचा आलेख मधोमध उंच असावा, ही समजूत चुकीची आहे. मिठाच्या राशींचा आलेख स्वभावतःच उजवीकडे आणि रात्रीच्या मिरवणुकीचा डावीकडे झुकलेला असतो. अनेक कॅमेऱ्यांत तपशील गेलेला भाग पडद्यावर लुकलुकतो. ती सूचनाही उपयुक्त असते.

लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे आलेख वेगळे पाहणे अधिक सुरक्षित असते. जास्वंदाचे फूल, गुलाल किंवा मूर्तीचे तांबडे वस्त्र टिपताना एकूण आलेख ठीक दिसूनही लाल रंगाची पातळी भरून गेलेली असू शकते. त्यामुळे वस्त्राच्या चुण्या नाहीशा होऊन सपाट लाल डाग उरतो. हिस्टोग्राम बहुधा जेपेग रूपावरून काढलेला असल्याने रॉ वापरणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात थोडी अधिक मोकळीक असते.

परिसरातील प्रकाशस्थिती

मिठागरे : पेण तालुक्यात खाडीकाठी मिठागरे आहेत आणि मीठ पिकण्याचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ व सुमारे १/१२५ सेकंद हा फिल्मच्या काळातील ठोकताळा येथे आजही उपयोगी पडतो. तो विषयावर पडणाऱ्या उन्हावर आधारित असल्यामुळे पांढऱ्या राशी पाहून फसत नाही. मिठाची चकाकी आणि सभोवारचे परावर्तन लक्षात घेऊन अर्धा ते एक स्टॉप कमी केल्यास कणांचा पोत टिकतो.

पावसाळी शेते : भातलावणीच्या दिवसांत आभाळ पांढरट आणि जमिनीवरचा उजेड मंद असतो. ढगाळ हवेत वरील ठोकताळ्यात एफ/८, तर दाट ढगांखाली एफ/५.६ धरतात. आभाळ चौकटीत मोठे घेतल्यास मापक फसून माणसे काळी येतात. फिल्मवर चेहऱ्यासाठी प्रकाश देऊन आभाळ प्रत काढताना दाबता येत असे. डिजिटल कॅमेऱ्यात आभाळाचा तपशील जेमतेम टिकेल इतपत प्रकाश देऊन चेहरे नंतर उजळवणे, किंवा आभाळ चौकटीबाहेर ठेवणे, हे मार्ग उरतात. पावसाने भिजलेला काळा कातळ चौकट व्यापत असेल तर सुमारे एक स्टॉप कमी करावा लागतो.

कारखान्यांतील दिवे : भारतात विद्युतप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्यामुळे अनेक ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटरचा वेग फार ठेवल्यास छायाचित्रात पट्टे येतात किंवा लागोपाठच्या छायाचित्रांचा उजळपणा बदलतो. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हा दोष टळतो.

पालखी आणि विसर्जन : रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तिला पोलिसांची सशस्त्र सलामी दिली जाते. गल्लीबोळांतून फिरताना पालखी कधी उन्हात तर कधी सावलीत असते. फिल्मच्या काळात रोल घातला की आयएसओ ठरून जाई आणि अंधार पडल्यावर फ्लॅशवाचून गत्यंतर नसे. डिजिटल कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्रासाठी आयएसओ बदलता येतो. कुंडलिकेच्या काठी रात्रीच्या उजेडात आयएसओ ३२०० व १/१२५ सेकंद ठेवून मिळालेले थोडे दाणेदार चित्र, आयएसओ ४०० व १/१५ सेकंदाच्या हललेल्या चित्रापेक्षा उपयोगाचे असते. नॉईज कमी करता येतो. हललेले चित्र स्थिर करता येत नाही.

फिल्मच्या सवयी

फिल्मवर शिकलेल्या पुष्कळ गोष्टी डिजिटल कॅमेऱ्यातही कामी येतात. उन्हाची दिशा व प्रखरता नजरेने जोखणे, शटर दाबण्यापूर्वी विचार करणे, मांडण्यांची वहीत नोंद ठेवणे या त्यांपैकी होत. ३६ छायाचित्रांच्या रोलमुळे लागलेली काटकसर निवडीची दृष्टी देते. नोंदवहीचे काम आता कॅमेराच करतो. प्रत्येक फाइलमध्ये छिद्र, वेग आणि आयएसओ आपोआप नोंदले जातात.

काही सवयी मात्र सोडाव्या लागतात. सुरक्षितता म्हणून जास्त प्रकाश देणे, चूक लॅब सुधारील असे गृहीत धरणे आणि उच्च आयएसओला घाबरणे या त्यांतील प्रमुख होत. एक सेकंदाहून दीर्घ उद्भासनात फिल्मची संवेदनक्षमता घटते, म्हणून जादा वेळ द्यावा लागे. संवेदकाच्या बाबतीत ही दुरुस्ती करू नये.

शिकण्याचा क्रम

डिजिटल कॅमेऱ्यात छायाचित्रामागे फिल्मचा खर्च नसल्यामुळे सराव मोकळेपणाने करता येतो. एकाच विषयावर एकाच उजेडात पुढील क्रमाने सराव केल्यास वरील तत्त्वे प्रत्यक्ष दिसतात.

१. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पांढरे कापड, राखाडी पुठ्ठा आणि काळी छत्री यांची प्रत्येकी चौकट भरून मापकाप्रमाणे छायाचित्रे घ्यावीत. तिन्ही जवळजवळ सारखी राखाडी येतात; मापकाचे गृहीतक यावरून कळते.

२. पांढऱ्या कापडाचे छायाचित्र अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने प्रकाश वाढवत घ्यावे आणि कोणत्या पायरीला विणीचे धागे दिसेनासे होतात ते हिस्टोग्रामशी ताडून पाहावे. आपल्या कॅमेऱ्याची वरची मर्यादा यातून समजते.

३. तेच कापड दोन-तीन स्टॉप कमी प्रकाशात टिपून संगणकावर उजळवावे. जास्त प्रकाशाची आणि कमी प्रकाशाची चूक यांतील फरक येथे शेजारी-शेजारी दिसतो.

४. छिद्र व वेग स्वतः ठरवण्याच्या पद्धतीत, मापक न पाहता उजेडाचा अंदाज करावा आणि मग मापकाशी तुलना करावी. हा सराव फिल्मच्या काळातील असला तरी त्याची उपयुक्तता कमी झालेली नाही.

५. पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगी, निवडलेल्या मांडणीच्या एक स्टॉप वर व एक स्टॉप खाली अशी आणखी दोन छायाचित्रे घ्यावीत. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. फिल्मवर ही पद्धत खर्चिक होती. डिजिटल कॅमेऱ्यात ती जवळजवळ विनामूल्य आहे. विषय हलता असेल आणि तिन्ही छायाचित्रांसाठी वेळ नसेल, तर त्यांतील कमी प्रकाशाच्या छायाचित्राला प्राधान्य द्यावे. त्यातील अंधार नंतर उजळवता येतो.